एक्कावन्न हजार तास चाललेली डिस्क: बदलायची की चालू द्यायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. म्हापशात तुमचे तिघांचे ऑफिस आहे. बार्देश-पेडण्यातल्या चाळीसएक गेस्टहाऊसांचे बुकिंग तुम्ही एका सर्व्हरवर सांभाळता. तो सर्व्हर जर्मनीतल्या डेटासेंटरमधून महिन्याच्या भाड्याने घेतलेला आहे. त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क असून त्या रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर लिहिलेले सगळे दुसरीवरही, अशा आरशासारख्या जोडलेल्या आहेत. दोन्हींवर ५१,००० तास झालेत. स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींची, तपासणी ‘पास’ म्हणते, पण एका डिस्कवर रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाजूला काढलेले साठवणुकीचे छोटे तुकडे) ८ दिसतात, दुसरीवर शून्य. तुमचे भागीदार म्हणतात, चाललंय ना, मग हात लावू नका. तुम्हाला दोन्ही एकदम बदलून हव्यात. कंपनीचे म्हणणे, बिघाड दाखवा, बदलून देतो.

माझे उत्तर दोघांनाही पूर्ण पटणारे नाही. आठ सेक्टरवाली डिस्क या जूनमध्येच बदलून घ्या. दुसरीला तेव्हा हात लावू नका, तिचा निर्णय सप्टेंबरमध्ये घ्या. दोन्ही एकदम बदलायच्या भानगडीत पडू नका. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर लावून, तो उघडतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय यातले काहीच करू नका.

आता कारणे. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ५१,००० तास म्हणजे पाच वर्षे दहा महिने. आकडा ऐकून धडकी भरते, कारण डिस्कचे वय आपण ऑफिसातल्या पीसीवरून जोखतो. म्हापशातल्या पीसीची डिस्क रोज चालू-बंद होते, पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते, खारी दमट हवा बोर्डाच्या तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढवते. डेटासेंटरमधली डिस्क एकदा फिरायला लागली की फिरतच राहते. तिथे तापमान सारखे, वीज सारखी, धक्का नाही. तुमच्या स्मार्टच्या यादीत पॉवर सायकल काउंट, म्हणजे डिस्क किती वेळा बंद-चालू झाली तो आकडा, बघा. अशा सर्व्हरवर तो मला बहुधा वीस-पंचवीसच्या आत सापडतो. ऑफिसातली दहा हजार तासांची डिस्क कित्येकदा त्या ५१,००० तासांच्या डिस्कपेक्षा जास्त थकलेली असते.

याचा अर्थ वय निरर्थक आहे असा मात्र नाही. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या यंत्रणांमधल्या डिस्क बदलण्याच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या कागदावरच्या हिशेबाने वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास बदलल्या जात होत्या आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत होते. बॅकब्लेझ या साठवणूक कंपनीने २०१३ मध्ये स्वतःच्या डिस्कांचे आकडे दिले: पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के, पुढच्या दीड वर्षात १.४ टक्के, आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के. पुढच्या वर्षांत त्यांच्याच आकड्यांत ही शेवटची चढण बरीच सौम्य झाली आणि उशिरा येऊ लागली. एक गोष्ट मात्र मला माझ्या कामात पुन्हा पुन्हा दिसली आहे: नवी डिस्क म्हणजे निर्धोक डिस्क नव्हे. पहिल्या काही महिन्यांत गेलेल्या डिस्क मी मोजून ठेवल्या असत्या तर वही भरली असती. निरोगी जुनी काढून अनोळखी नवी बसवणे हाही एक धोका आहे, आणि कंपनी देईल ती ‘नवी’ असेलच असेही नाही. भाड्याच्या सर्व्हरमध्ये वापरून तपासलेली डिस्क बसवणे ही सर्रास पद्धत आहे. कोरी हवी असेल तर काही ठिकाणी वेगळे पैसे भरावे लागतात.

म्हणून मी तासांवर डिस्क बदलत नाही, खुणांवर बदलतो.

‘पास’ या शब्दावर विसंबू नका. तो शब्द उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपुरताच असतो आणि ती मर्यादा बहुतेकदा फार सैल असते. वाचताना दर मिनिटाला अडणाऱ्या डिस्कवरही मी ‘पास’ बघितला आहे. तुम्ही ५, १८७, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे कच्चे आकडे बघायचे. ५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट बघत असलेले, १८७ आणि १९८ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. १९९ वाढत असेल तर संशय केबलवर घ्या, डिस्कवर नको. सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ समोर कोट्यवधींचे आकडे दिसतात. ते बघून लोक घाबरून कंपनीकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकतात, पण त्या कंपनीची मोजण्याची रीतच तशी आहे.

तुमचे आठ सेक्टर म्हणजे नेमके काय? हल्लीच्या बऱ्याच डिस्कांवर प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, पण बाहेर तो ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून दाखवला जातो. त्यामुळे आठ हा आकडा पुष्कळदा पृष्ठभागावरची एकच खराब जागा असते. आकडा महिनाभर आठवरच थांबला असेल आणि १९७ समोर शून्य असेल तर आज रात्री उठून धावायची गरज नाही. तो नऊ, सोळा, चोवीस असा चढत असेल तर मात्र जूनचीही वाट बघू नका. गुगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिला सेक्टर बाजूला काढला गेल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता बेदाग डिस्कच्या चौदा पटींहून जास्त निघाली, आणि पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यावर ३९ पट. त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी या ठळक खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. खूण दिसली तर ऐका, पण खूण नाही म्हणून झोपू नका.

स्मार्टमध्ये न दिसणारी एक खूण आहे, आणि मी ती सगळ्यात आधी बघतो: वेळ. आयओस्टॅट (डिस्कचा प्रतिसाद मोजणारी लिनक्सची आज्ञा) चालवून दोन्ही डिस्कांचा प्रतिसाद शेजारी-शेजारी ठेवा. आरशातल्या दोन डिस्कांवर लिहिण्याचे काम अगदी सारखे असते, त्यामुळे त्यांची तुलना प्रामाणिक होते. एक १० मिलिसेकंदांत उत्तर देते आणि दुसरी पुन्हा पुन्हा २००-३०० घेते, तर ती आतल्या आत तोच सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न करत असते. तुमची गेस्टहाऊसवाली मंडळी ‘सायट स्लो आहे’ म्हणून फोन करतात तेव्हा कित्येकदा मूळ इथे असते आणि आपण मात्र डेटाबेसच्या मागे लागतो.

आता ज्या कारणाने मी तुमच्या भागीदारांचे ऐकत नाही त्याकडे येतो. रेड १ चा सगळा भरवसा या एका गृहीतावर उभा आहे की दोन डिस्क एकाच वेळी जाणार नाहीत. तुमच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या, बहुधा एकाच खेपेतल्या, एकाच डब्यात, एकाच तापमानात, तेवढ्याच लिहिण्याने झिजलेल्या. त्या एकमेकींच्या जुळ्या आहेत. हे किती टोकाला जाऊ शकते ते सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये काढलेल्या सूचनेतून कळते. त्यांच्या काही एसएसडींमध्ये (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कांमध्ये) फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रामची, चूक होती आणि बरोबर ३२,७६८ तास झाले की डिस्क बंद पडायची, आतला डेटा गेला तो गेलाच. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क एकाच तासाला जाणार, मग आरसा असून काय उपयोग? फिरणाऱ्या डिस्क इतक्या ठरलेल्या मुहूर्तावर जात नाहीत, पण समवयस्क जोडीचा धोका तोच. म्हणूनच एक बदला आणि एक ठेवा म्हणतो. तीन महिन्यांनी जोडीत एक ५३,००० तासांची आणि एक वेगळ्या खेपेची, वेगळ्या वयाची डिस्क असेल. दोन कोऱ्या जुळ्यांपेक्षा ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते.

दोन्ही एकदम बदलण्याला माझा विरोध आहे तो रिबिल्डमुळे, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून नवी भरून घेण्यामुळे; दोन बदलल्या तर ते लागोपाठ दोनदा करावे लागते. डिस्क बदलल्यावर उरलेली जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते. तुमचा डेटा ६०० जीबीच आहे, पण लिनक्सचा साधा सॉफ्टवेअर रेड पूर्ण ४ टीबी उतरवून घेतो. सेकंदाला सरासरी १३० एमबीचा वेग धरला तर साडेआठ तास, आणि बुकिंग चालू असताना दिवस-दीड दिवस सहज. त्या वेळात तुमच्याकडे एकच धड प्रत असते आणि ती पाच वर्षे दहा महिन्यांच्या डिस्कवर असते. वर्षानुवर्षे कुणी न वाचलेल्या कोपऱ्यातला खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो.

म्हणून तिकीट टाकण्याआधी पूर्ण स्क्रब, म्हणजे दोन्ही डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून ताडून बघणे, करून घ्या. डेबियन आणि उबुंटूवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री हे आपोआप होते, पण वेग कमी होतो म्हणून कुणीतरी ते बंद केलेले मला पुष्कळ सर्व्हरांवर सापडले आहे. तुमच्याकडे चालू आहे का ते बघा. स्क्रब स्वच्छ आला आणि दुसऱ्या डिस्कचे १९७ शून्यच राहिले, तरच पहिलीला हात लावा. कंपनीला हेही विचारा की तात्पुरती तिसरी डिस्क जोडून देता का. जागा असेल तर एमडीएडीएमच्या (लिनक्सचा रेड सांभाळणाऱ्या साधनाच्या) रिप्लेस सोयीने जुनी डिस्क आरशात असतानाच नवी भरून घेता येते, आणि एकाही क्षणी प्रत एकच उरत नाही. ही सोय कमी लोक वापरतात, का ते मला अजून समजलेले नाही.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा सगळ्यात वाईट अनुभव तिथला आहे. काही वर्षांपूर्वी चवथीच्या आदल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या सर्व्हरची एक डिस्क आरशातून बाहेर पडली. एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे लिनक्स रेडची स्थिती दाखवतो तिथे, दोन यूच्या (चालू डिस्कच्या खुणेच्या) जागी एक यू आणि एक रेघ. मी तिकिटात लिहिले, ‘दुसरी डिस्क खराब आहे, बदला.’ डेटासेंटरच्या तंत्रज्ञाने त्याच्या मोजणीतली दुसरी डिस्क काढली. ती चांगली होती. सर्व्हर चालू झाला तेव्हा आत एक कोरी डिस्क होती आणि एक मरायला टेकलेली. चांगली डिस्क तोवर बाहेर काढलेल्यांच्या ढिगात गेली होती. ती परत मिळवायला सहा तास लागले, आणि ते सहा तास मी पणजीच्या ऑफिसात फोन कानाला लावून काढले. चूक त्यांची होती तशीच माझीही होती. लिनक्स ज्याला दुसरी म्हणतो ती डब्यातली दुसरी असेलच असे नाही, आणि मी सीरियल नंबर दिलाच नव्हता.

तेव्हापासून माझ्या तिकिटात दोन ओळी असतात: काढायच्या डिस्कचा सीरियल नंबर ही एक, आणि ‘या दुसऱ्या सीरियल नंबरच्या डिस्कला हात लावू नका’ ही दुसरी. डिस्क पार गेली की ती नंबरही सांगत नाही, मग उरलेल्या चांगल्या डिस्कचाच नंबर कामी येतो. त्यामुळे दोन्ही नंबर आजच सर्व्हरबाहेर लिहून ठेवा, ऑफिसच्या वहीत लिहिले तरी चालेल.

दुसरी ठेच बूटलोडरची, म्हणजे सर्व्हर सुरू करणाऱ्या ग्रब या छोट्या प्रोग्रामची. ग्रब एकाच डिस्कवर असेल आणि नेमकी तीच काढली, तर डेटा सुखरूप असूनही सर्व्हर उठत नाही. आधीच दोन्हींवर ग्रब बसवा, आणि नवी डिस्क आल्यावर तिच्यावर पुन्हा. स्वस्त भाड्याच्या सर्व्हरांत चालू असताना डिस्क काढायची सोय बहुधा नसते, तेव्हा अर्धा तास बंद धरा. इतकी वर्षे न थांबलेली डिस्क बंद करून परत चालू करणे हीसुद्धा तिची परीक्षाच असते. थंड झाल्यावर न उठलेल्या डिस्क मी बघितल्या आहेत, आणि त्याही चांगल्या म्हणून ठेवलेल्या. बॅकअप आधी म्हणतो तो याचसाठी.

नवी डिस्क आली की लगेच आरशात घालू नका. आधी तिचे तास बघा. तीस हजार तासांची डिस्क आली असेल तर स्पष्ट शब्दांत परत पाठवा. भाडे तुम्ही भरता, डिस्क त्यांची आहे, चांगली डिस्क मागण्यात भीड कसली? मग वेळ असेल तर लाँग सेल्फ टेस्ट, ४ टीबीला आठएक तास. पण आरशात एकच डिस्क उरलेली असेल तर मी ही चाचणी रिबिल्डनंतर करतो, कारण एकट्या जुन्या डिस्कवर आठ तास जास्त काढणे मला पटत नाही.

बॅकअपचे गणित तुमच्यापुरते करून देतो. १०० एमबीपीएसच्या फायबरवर ६०० जीबी उतरवायला सगळे सुरळीत चालले तरी तेरा तासांहून जास्त लागतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेरा तास बुकिंग बंद राहिले तर काय होईल ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. त्यामुळे म्हापशातली प्रत असू द्याच, पण एक प्रत सर्व्हरजवळच्या, मात्र वेगळ्या इमारतीतल्या साठ्यावरही ठेवा. वेगळी इमारत हे शब्द मी मुद्दाम लिहितो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या डेटासेंटरला आग लागून एक पूर्ण इमारत जळाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते अशा अनेकांचे दोन्ही गेले. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेले बुकिंग दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसले जाते.

जी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, ती ही: काढलेली डिस्क कुठे जाते? ती कंपनीकडे परत जाते, आणि तिच्यावर तुमच्या परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट असतात. गेस्टहाऊसवाल्यांना परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, त्यासाठी पासपोर्ट-व्हिसाचे स्कॅन तुमच्याच सर्व्हरवर चढतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही ही माहिती सांभाळणे जबाबदारीचे केले आहे. चांगली डिस्क काढण्याआधी पूर्ण पुसता येते. पार बिघडलेली डिस्क पुसता येत नाही, कारण ती लिहूच देत नाही. खुणा दिसताच, अजून लिहिता येते तोवर बदलण्याचे हे माझ्या लेखी सर्वांत मोठे कारण आहे. आणि पुढचा सर्व्हर घ्याल तेव्हा डेटाचे विभाजन पहिल्या दिवसापासून लक्सने (लिनक्सच्या एन्क्रिप्शनच्या सोयीने) कुलूपबंद करा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

त्या पुढच्या सर्व्हरबद्दल. सप्टेंबरमध्ये उरलेल्या डिस्कचा निर्णय घेताना डिस्कपुरता विचार करू नका. सहा वर्षांच्या मशीनचा पॉवर सप्लाय, पंखे, रॅम सगळेच त्या वयाचे असते. तेवढ्याच भाड्यात एनव्हीएमईचा (जलद एसएसडीचा) नवा सर्व्हर मिळत असेल तर एकेक सुटा भाग बदलत बसण्यापेक्षा तिकडे हललेले बरे. नवा उभा करा, दोन आठवडे दोन्ही समांतर चालवा, मग जुना सोडा. फक्त एसएसडीची जोडीही आरशात सारखीच झिजते, तिथे तासांऐवजी ‘पर्सेंटेज यूज्ड’ हा आकडा बघायचा. हे स्थलांतर चवथीनंतर आणि सीझन तोंडावर येण्याआधी उरका. चवथीच्या दिवसांत ठेवू नका, ऑफिसात कुणी नसते आणि गावच्या घरी रेंज मिळेलच असे नाही.

जूनच्या बदलासाठी सांजावच्या (२४ जूनच्या सणाच्या) आधीचा एखादा मंगळवार-बुधवार धरा. जर्मनी तेव्हा आपल्या साडेतीन तास मागे असते. दुपारी दीडला तिकीट टाकले तर तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात, दिवसपाळीचे लोक जागेवर असतात आणि काही अडलेच तर तुमच्याकडे अख्खी संध्याकाळ उरते. रिबिल्ड रात्रभर, कदाचित दुसऱ्या दिवशीही चालेल. तो संपून एमडीस्टॅटमध्ये दोन यू दिसले की एमडीएडीएमला चाचणीचा मेल पाठवायला लावा. तो कुणाच्या इनबॉक्समध्ये पडतो ते बघा, कारण माझ्या त्या चवथीच्या सर्व्हरवर डिस्क बाहेर पडल्याचा मेल अकरा दिवस आधीच आला होता, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर.